खांबाला लागलेला चेंडू

आज सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. धूर आला होता. समुद्रापलीकडे सुमात्रात रान जाळतात, त्याचा धूर वाऱ्यावर बसून सिंगापुरात येतो. एखाद्या वर्षी येतच नाही, एखाद्या वर्षी नुसता वास येतो, आणि एखाद्या वर्षी समोरचा ब्लॉक दिसेनासा होतो. चार वर्षांमागे तसा झाला होता. ओलं सरपण चुलीत घातलं की येतो तसा वास. माझं अर्धं आयुष्य तसल्या चुलीपुढं गेलं, त्यामुळे बाकीच्यांसारखी मी घाबरत नाही. सून प्रज्ञा ऑफिसला निघताना म्हणाली, "आई, आज खाली जाऊ नका, घसा धरेल." माझा घसा धरत नाही. मला या वासानं लाज वाटते. असा वास आणि लाज यांची गाठ कशी पडली, ते सांगायचं तर फुटबॉलचं सांगावं लागेल.

इथं ऋतू नाहीत. बारा महिने तोच उकाडा, तोच दुपारचा पाऊस. झाडांनासुद्धा पान कधी गाळावं कळत नसेल. गावाकडं वर्ष ज्वारीवर मोजायचं, हरभऱ्यावर मोजायचं. इथं मी भलत्याच गोष्टींवर मोजते. आर्या चालायला लागली ते वर्ष. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते वर्ष. आणि एक ते फुटबॉलचं वर्ष.

फुटबॉल म्हणजे तुम्ही टीव्हीवर बघता तो नव्हे. हा ऑस्ट्रेलियातल्या लोकांचा, वेगळाच. मैदान अंड्यासारखं आणि चेंडूही अंड्यासारखा. हातानं धरतात, लाथेनं उडवतात, चेंडूसाठी एकमेकांच्या पाठीवर गुडघा देऊन वर चढतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला की सहा पॉइंट. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला की एक. आणि उंच खांबाला नुसता चाटून आत गेला, तरी एकच. नातीनं, आर्यानं, मला हे शिकवलं. ती तेव्हा तिसरीत होती. माझी शाळा चौथीत सुटली, पण सहाचा पाढा तोवर पाठ झाला होता. या खेळाला तेवढं शिक्षण पुरतं.

माझा मुलगा मिलिंद जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटमध्ये इंजिनियर आहे. त्याचा साहेब ब्रेट, चाळिशी ओलांडलेला ऑस्ट्रेलियन, उन्हानं मान कायमची लाल झालेला. कामावर साहेब तोच, आणि शनिवारी या फुटबॉलच्या क्लबचा कोचही तोच, कॅप्टनही तोच. त्या वर्षी तेलाचे भाव पडले होते आणि प्लँटमधून माणसं कमी करत होते. मिलिंदच्या पासची, म्हणजे इथं राहून काम करायच्या परवान्याची, मुदत वर्षाअखेर संपत होती. त्याचा पास गेला तर माझा गेला, आर्याची शाळा गेली, बेडोकचा हा फ्लॅट गेला. प्रज्ञा हार्बरफ्रंटला शिपिंगच्या ऑफिसात होती, पण तिच्या एकटीच्या पगारावर सगळ्यांना इथं राहता आलं नसतं. अशा दिवसांत साहेबानं विचारलं, "शनिवारी क्लबात येतोस का?" मिलिंद म्हणाला, येतो. जन्मात कधी विटीदांडू खेळला नव्हता.

चेंडू त्याच्या हातात राहीना. पळायला लागला की पोट आधी पोचायचं. तेव्हा त्याला पांढरा कोट घातला, हातात दोन पांढरे झेंडे दिले आणि खांबांच्या मधे उभं केलं. गोल अंपायर. सहा असले की दोन्ही झेंडे हलवायचे, एक असला की एकच. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला समोरच्या क्लबचा माणूस असाच कोट घालून उभा. एकानं झेंडा हलवला की दुसऱ्यानं तिकडून तसाच हलवून उत्तर द्यायचं, मग तो आपल्याच संघाच्या विरुद्ध का जाईना. ज्याच्या टोकाला गोल, त्याचा शब्द खरा. पगारी अंपायर आणायची ऐपत नसलेल्या त्या लहान क्लबांची ही रीत होती. मला ती आधी खुळी वाटली. मग आवडायला लागली.

पहिल्या शनिवारी मात्र मला त्या कोटाचीच लाज वाटली. मिलिंदचे वडील रेल्वेत गेटमन होते, कुर्डुवाडीकडच्या एका फाटकावर हिरवी-लाल झेंडी धरून त्यांचा जन्म गेला. पोराच्या हातात झेंडी येऊ नये म्हणून त्याला शिकवलं, आणि हा विमानात बसून एवढ्या लांब येऊन तेच करतोय, तेही फुकट. मी आर्याला म्हटलं, "तुझा बाप आजोबांच्या नोकरीला लागला." ती इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून म्हणाली, "आजी, इट्स ॲन इम्पॉर्टन्ट जॉब ला."

मी आणि आर्या मिलिंदच्या मागं, कुंपणाच्या अलीकडं चटई टाकून बसायचो. तिथं झाडाची सावली होती. आमच्याच संघाचा मार तिथून जवळून दिसायचा. पहिले दोन महिने नुसता मार. समोरचे शंभरावर जायचे आणि आमचे दोन आकडी होता होता सामना संपायचा. मिलिंद दर पाच मिनिटांनी समोरच्यांसाठी दोन झेंडे हलवायचा, आणि ब्रेट लांबून त्याच्याकडे असा बघायचा की जणू यानंच गोल मारला. घरी येताना बसमध्ये कोणी बोलायचं नाही. हरणाऱ्याच्या घरच्यांनी बसमध्ये कुठं बघायचं असतं ते मला तेव्हा कळलं. आपल्या पायांकडं.

त्याच दिवसांत लिमची ओळख झाली. साठी उलटलेला चिनी माणूस, बेडोकमध्येच आमच्यापासून तीन ब्लॉक पुढं राहणारा. त्याच्या मुलीनं ऑस्ट्रेलियन मुलाशी लग्न केलं होतं, आणि तो जावई हिरव्या जर्सीवाल्या क्लबात खेळायचा. लिम त्यांचा गोल अंपायर. हिरव्यांशी सामना असला की मधल्या सुट्टीत तो कोट काखेत मारून आमच्या चटईवर यायचा. येताना प्लास्टिकच्या पिशवीत दोरीला लटकवलेला चहा आणायचा. मी त्याला चिवडा द्यायची. तो त्यातले शेंगदाणे वेचून आधी खायचा आणि पोहे आर्याला द्यायचा.

"आंटीला सांग," तो आर्याला म्हणायचा, "तुमचा क्लब फार दयाळू. आमच्यासाठी झेंडे हलवून हलवून माझे हात दुखायला लागले."

मी आर्याला म्हणायची, "त्याला सांग, जावयाच्या जिवावर उड्या मारू नको म्हणावं."

आर्या दोन्हीकडचं आपल्या मनानं बदलून सांगायची, हे मला ठाऊक होतं, कारण मी टोमणा मारला की लिम हात जोडायचा.

मग हंगामानं कूस बदलली. पर्थहून दोन उंच पोरं कामानिमित्त इथं आली आणि आमच्या क्लबात शिरली. आम्ही एक सामना जिंकलो, मग आणखी एक. मधेच एकदा जिंकत असताना वीज पडायच्या धोक्याचा भोंगा वाजला, सगळ्यांना मैदानाबाहेर काढलं, आणि पाऊस थांबल्यावर तीच माणसं परत येऊन हरली. त्यातल्या एका पोराचा घोटा मुरगळला, तर पुढं दोन सामने पुन्हा मार. पोरगा बरा झाला, पुन्हा जिंकलो. असं वर-खाली चालायचं. मला नाद लागला, हे मी कबूल करते. मी ओरडायला लागले. "अरे मेल्या, धर की, घरी काय खाऊन आलास?" ऑस्ट्रेलियन पोरं मागं वळून हात हलवायची. आर्या चटईच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसायची. मिलिंदही बदलला. ब्रेट त्याच्या पाठीवर थाप मारायचा, कामावर जेवायला आपल्या टेबलावर बोलवायचा. मिलिंद घरी येऊन सांगायचा, "आज ब्रेटनं स्वतः विचारलं, पासचं काय झालं." तो सांगायचा आणि आम्ही तिघीही जेवण थांबवून ऐकायचो.

तेव्हा धूर नुकता यायला लागला होता. साखळीतला शेवटचा सामना हिरव्यांशी होता. जिंकेल तो क्लब यादीत सगळ्यांच्या वर जाणार, आणि पुढच्या शनिवारी त्याच दोघांत अंतिम सामना. सूर्य जर्दाळूसारखा दिसत होता, त्याच्याकडं सरळ बघता येत होतं. लोक खोकत खेळत होते. अगदी शेवटाला चेंडू ब्रेटच्या हातात आला. पाळीपाळीनं टोकं बदलतात, तेव्हा आमची पोरं आमच्या चटईच्या टोकाला, मिलिंदच्या समोर गोल मारत होती. ब्रेटनं लाथ मारली. चेंडू वर गेला, खाली येताना उजव्या उंच खांबाला लागला आणि आत पडला. टण्ण असा आवाज आला. मी पाच-सहा हातांवर होते. आर्या माझ्या शेजारी होती. मिलिंद आमच्यापेक्षा जवळ होता.

ब्रेटनं दोन्ही हात आधीच वर केले होते. तो मिलिंदकडे बघत होता.

हिरव्यांचा एक खेळाडू खांबाकडं बोट दाखवून ओरडत आला. मधला अंपायर लांब होता, त्यानं मिलिंदकडे बघितलं. त्याचा शब्द खरा. मिलिंद किती वेळ उभा राहिला मला सांगता येणार नाही. मला त्याची पाठ दिसत होती. कोट पाठीला चिकटला होता. मग त्यानं वाकून दोन झेंडे उचलले आणि दोन्ही हलवले.

तिकडं धुरात, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, लिमनं ते पाहिलं. त्यानं आपले दोन्ही झेंडे उचलले आणि तसेच हलवले. स्वतःच्या जावयाच्या विरुद्ध. अंतरामुळे तो केवढासा दिसत होता, पण झेंडे स्वच्छ दिसत होते.

आम्ही तीन पॉइंटांनी जिंकलो. एकच झेंडा हलला असता तर दोन पॉइंटांनी हरलो असतो. सामना संपल्यावर आमच्या पोरांनी रिंगण करून क्लबचं गाणं म्हटलं, मिलिंदला मधे ओढलं, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. लिमचा जावई तणतणत आला. लिमनं त्याला सगळ्यांसमोर दटावलं. आर्यानं मला ते सांगितलं नाही, पण तेवढं इंग्रजी मलाही कळतं. तो म्हणाला, "तो तिथं उभा होता. तू होतास का?" मग त्यानं येऊन मिलिंदचा हात हातात घेतला, आणि मला म्हणाला, "आंटी, गुड सीझन." मी चिवड्याचा डबा पिशवीत कोंबत होते. मी वर बघितलं नाही.

बसमध्ये मी मिलिंदला म्हटलं, "खांबाला लागला होता."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"आवाज कळतो."

तो खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "आणि बाबा? पाटलाची जीप आली की गाडी यायच्या वेळेला फाटक उघडायचे, ते विसरलीस?"

"विसरले नाही. मला तेव्हाही लाज वाटायची."

"मग तेव्हा बोलली नाहीस."

"बोलले होते. ते म्हणाले, पाटलाला नाही म्हणायची माझी छाती नाही."

"त्यांची नव्हती," मिलिंद म्हणाला, "मग माझी कुठून येणार?"

माणूस गरिबीतून वर काढता येतो, शिकवता येतो, इंजिनियर करता येतो. छातीचं काय करायचं ते शाळेत शिकवत नाहीत, इंजिनियरच्या कॉलेजातही नसावं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दर महिन्यात एका रविवारी आम्ही इथली पाच-सहा बौद्ध कुटुंबं कोणाच्या तरी घरी वंदनेला जमतो. नागपूरचे एक जण आहेत, संशोधनात काम करणारे, औरंगाबादचं एक जोडपं आहे, असे सगळे. त्या रविवारी आमच्याकडं होतं. मेणबत्ती लावली, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला फुलं वाहिली. ज्याचं घर तो पंचशील सांगणार आणि बाकीचे मागून म्हणणार, अशी आमची पद्धत. मिलिंद सांगू लागला. हिंसा करणार नाही, झालं. चोरी करणार नाही, झालं. तिसरं झालं. आणि तो एकदम दारू न पिण्याच्या शिलावर गेला.

खोटं बोलणार नाही हे चौथं शील त्यानं गाळलं.

मुद्दाम गाळलं नसावं. लहानपणापासून रोज म्हटलेलं, झोपेतही चुकलं नसतं, ते जिभेवरून घसरलं. मोठ्या माणसांच्या ते लक्षात आलं की नाही मला कळलं नाही. तेही आपले त्याच्या मागोमाग पाचवं म्हणून मोकळे झाले. आर्या तेवढी थांबली. सगळे शांत झाल्यावर म्हणाली, "पप्पा, यू मिस्ड नंबर फोर."

नागपूरचे गृहस्थ हसले. "अहो मिलिंदराव, आर्या परीक्षा पास झाली, तुमची राहिली." सगळे हसले. मिलिंदही हसला. मग सगळ्यांच्या आग्रहावरून त्यानं चौथं एकट्यानं पुन्हा म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. मी म्हटलं नाही. मी मेणबत्तीची वात सरळ करत बसले. प्रज्ञाला आदल्या दिवशीचं काही माहीत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून ती खीर वाढायला उठली. बाईमाणसाची ही एक सोय असते, कधीही उठून काही वाढता येतं.

त्या आठवड्यात धूर इतका वाढला की शाळा एक दिवस बंद ठेवल्या. अंतिम सामना रद्द झाला. धुरात खेळवायचं कोणाला? नियम असा होता की सामना झालाच नाही, तर यादीत वर असेल त्याला कप. वर आम्ही होतो. म्हणजे ते दोन झेंडे नुसते एका सामन्याचे राहिले नाहीत, सबंध हंगामाचे झाले. मिलिंद मनात म्हणत असेल की अंतिम सामन्यात हरलो तर फिटेल, तर तीही वाट बुजली. मीही तेच म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या माणसांनी हरावं म्हणून वाट बघितली होती.

बक्षिसाचं जेवण एका क्लबहाउसात झालं. साखळीतल्या चारही क्लबांची माणसं होती. कप ब्रेटनं उचलला. मग क्लबसाठी सगळ्यात जास्त राबणाऱ्याची म्हणून एक लाकडी ढाल असते, ती मिलिंदला दिली. टाळ्या वाजल्या. लिम पलीकडच्या टेबलावर होता. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्या ताटात मटण होतं, ते मी तसंच ठेवलं, आणि मी अन्न टाकणारी बाई नाही.

घरी आल्यावर मी ढालीकडं बोट दाखवून म्हटलं, "ही इथं राहणार असेल तर मी गावाला जाते."

"आई, पास होऊ दे. मग मी सगळं नीट करतो."

"त्या म्हाताऱ्यानं तुझ्यासाठी जावयाला दटावलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "चल." आम्ही दोघं तोंडाला मास्क लावून तीन ब्लॉक चालत गेलो. लिमनं दार उघडलं, आनंदानं आत घेतलं, पंख्याखाली बसवलं. मिलिंदनं मास्क काढला आणि सरळ सांगितलं. बॉल खांबाला लागला होता, मी पाहिलं होतं, मी दोन झेंडे हलवले. त्याचं इंग्रजी मला एवढं सोपं कधी वाटलं नव्हतं.

लिम आत गेला, दोन ग्लास पाणी आणून ठेवलं. बसला. मग विचारलं, "तुझ्या बॉसला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

रागानं नाही विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. मिलिंद पाणी प्यायला. मीही प्यायले. पाणी दिलेलं ठेवून उठणं बरं दिसत नाही. लिम दारापर्यंत आला, मला म्हणाला, "आंटी, सावकाश." मिलिंदला काही म्हणाला नाही. खाली येईपर्यंत लिफ्टमध्ये आम्ही दोघं दाराकडं तोंड करून उभे राहिलो.

मिलिंदनं त्या आठवड्यात ब्रेटला सांगितलं नाही. पुढच्याही नाही. धूर गेला, पाऊस सुरू झाला, आभाळ धुतल्यासारखं झालं. दिवाळीनंतर पास आला. दोन वर्षांची मुदत. प्रज्ञानं शिरा केला. आर्यानं शाळेत कोणाकोणाला सांगितलं. मी माझाही पास होणार म्हणून हायसं वाटून घेतलं, खोटं कशाला बोलू.

आणि त्यानंतर एका संध्याकाळी मिलिंद कामावरून येऊन बूट न काढता खुर्चीत बसला. म्हणाला, "आज ब्रेटला सांगितलं."

"काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, आवाज मलाही आला होता. टीममधल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणाला, म्हणून तर ती ढाल तुला."

मग तो म्हणाला, "मी ढाल परत दिली, आई. क्लबही सोडला."

"बरं केलंस," मी म्हटलं. "आता हातपाय धू आणि लिमकडं जाऊन ये. त्याला सांग, बॉसला सांगितलं म्हणावं."

मिलिंदनं गळ्यातला नवा पास काढून टेबलावर ठेवला. बूट सोडायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"आणि त्यानं विचारलं, कधी सांगितलंस, तर?"

आत प्रज्ञा कुकर लावत होती. आर्या अभ्यासाचं टेबल आवरत होती. मी टेबलावरचा तो पास उचलला, पाणी सांडेल म्हणून, आणि कपाटावर नेऊन ठेवला. मिलिंद लिमकडं गेला नाही. मीही त्याला पुन्हा जा म्हटलं नाही.